ठिपके गेल्यानंतरचे दिवस

पावसाळ्यातला पहिला गार आठवडा आणि डिसेंबरातली पहिली थंडी, या दोन वेळांना ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन हमखास येतात. माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आलेत, काय करू? दुकानात या रोगाला 'व्हाइट स्पॉट' म्हणतात, हौशी लोकांच्या तोंडी 'इक'. शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. १८७६ साली फूके या फ्रेंच अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. जीव एकपेशीय, अंगभर केसांसारखे बारीक तंतू, आणि गोड्या पाण्यातला जवळजवळ कुठलाही मासा त्याला चालतो. घरातल्या टाक्यांमधली मरणं मी पाहिली त्यांतली बरीचशी या एका रोगाची होती. त्यातली बहुतेक टाळता आली असती, म्हणून ही टिपणं.

०

आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या वरच्या कातडीखाली शिरून, खाऊन फुगलेला एक जीव. आत शिरताना तो मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा असतो, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही. बाहेर पडेपर्यंत अर्धा ते एक मिलिमीटर होतो. कातडीचा थर त्याच्यावर झाकण धरतो आणि तो आतल्या आत गोल फिरत माशाच्या पेशी खात राहतो. पुरेसा वाढला की कातडी फोडून बाहेर पडतो, थोडा वेळ पोहतो आणि खडीवर, काचेवर, झाडाच्या पानावर, जिथे जमेल तिथे चिकटतो. मग स्वतःभोवती कवच करून घेतो. कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार असं विभाजन सुरू होतं. पाणी २५-२६ अंश सेल्सियस असेल तर साधारण दिवसभरात काही शे, कधी हजारापर्यंत पिल्लं तयार होतात. कवच फुटतं, पिल्लं पाण्यात सुटतात आणि मासा शोधू लागतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

औषध चालतं ते फक्त या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालच्या जीवापर्यंत औषध पोहोचत नाही आणि कवचातल्यालाही ते फारसं काही करत नाही. उपचाराचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. आपण औषध देतो ते पाण्याला.

०

"काका, ठिपके गेले. आता औषध बंद करू ना?"

औषध सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा हा फोन. आवाजात आनंद असतो आणि तो मोडताना वाईट वाटतं. पण सांगावंच लागतं, की ठिपके माशावरून उतरून खाली खडीत गेलेत. औषध घातलं नसतं तरी ते त्याच दिवशी उतरले असते. खडीत आता शेकड्यांनी पिल्लं तयार होत असतील, आणि या घटकेला पाण्यात औषध नसेल तर दोन दिवसांनी मासा पुन्हा ठिपक्यांनी भरेल, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. मग लोक म्हणतात, औषध बोगस होतं. औषध बरोबर होतं, थांबायची वेळ चुकली.

२५-२६ अंशांच्या पाण्यात शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यापासून निदान एक आठवडा उपचार चालू ठेवावा. मी स्वतः दहा दिवस धरायला सांगतो.

०

या जिवाचं घड्याळ पाण्याच्या तापमानावर चालतं. पंचविशीच्या पाण्यात सगळं चक्र तीन ते सहा दिवसांत पुरं होतं. पाणी १० अंशांवर असेल तर त्याच चक्राला महिना किंवा जास्तही लागतो. म्हणून थंडीत हीटर नसलेल्या टाकीत रोग रेंगाळतो आणि आठवड्याच्या उपचाराने काहीच होत नाही.

पाणी २८-३० अंशांपर्यंत चढवलं की चक्र भरभर फिरतं, पिल्लं लवकर बाहेर येतात आणि औषधाच्या तावडीत सापडतात. तिशीच्या वर बहुतेक वाणांची वाढच थांबते. काही चिवट वाण तिथेही टिकल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे नुसत्या उष्णतेवर विसंबून राहू नये. तापमान चढवायचं तेही हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी.

पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. २५ अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांना साडेसात. रोग कल्ल्यांत शिरलेला असतो, मासा आधीच धापा टाकत असतो, आणि त्यात हा फरक पडतो. हीटर वाढवला त्याच दिवशी एअर पंपाला आणखी एक स्टोन जोडावा. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असलेला बरा.

विदर्भात मे महिन्यात टाकीचं पाणी आपोआप तिशी ओलांडतं आणि त्या दिवसांत व्हाइट स्पॉटची तक्रार क्वचितच कानावर येते. त्याच घरांत डिसेंबरात रात्री पाणी सहा-सात अंशांनी उतरतं. माशाची प्रतिकारशक्ती अशा उतारालाच ढासळते. लिटरमागे एक वॉट या हिशेबाने हीटर घ्यावा. औषधांच्या बाटल्यांपेक्षा तो स्वस्त पडतो.

०

मीठ. घरच्या उपायांत माझा सगळ्यांत जास्त विश्वास मिठावर आहे.

प्रमाण लिटरला २ ते ३ ग्रॅम. चमच्याने किंवा मुठीने नको, किचनमधल्या वजनकाट्यावर तोलून घ्यावं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी कागदावर ५४-५६ लिटरची भरते, पण खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपास उरतं. दोन ग्रॅमच्या हिशेबाने तिला ९० ग्रॅम मीठ लागेल. ते टाकीतल्याच पाण्यात मगमध्ये पूर्ण विरघळवायचं आणि दिवसभरात तीन-चार हप्त्यांत घालायचं. न विरघळलेला खडा तळाशी पडला आणि तळाशी राहणारी एखादी कोरी मासोळी त्यावर बसली तर तिचं पोट भाजतं.

बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. पातळी कमी झाली म्हणून वरून पाणी घालताना पुन्हा मीठ घातलं तर प्रमाण चढत जातं. काढून बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं. हे अनेक जाणकारही विसरतात.

साधं खडे मीठ चालतं. आयोडीनयुक्त मिठाची भीती फार पसरलेली आहे, पण या प्रमाणात त्यातलं आयोडीन माशाला बाधत नाही. खडे मीठ मिळेपर्यंत दोन दिवस थांबण्यापेक्षा स्वयंपाकघरातलं वापरलेलं परवडलं.

मिठाने मोकळी पिल्लं मरतात, आणि दुसरंही एक काम होतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. परजीवी बाहेर पडताना कातडीला भोक पाडून जातो, तेव्हा ही गळती वाढते. पाण्यात थोडं मीठ असलं की माशाच्या शरीरावरचा तो ताण हलका होतो. औषधांच्या बाटलीत हा गुण नाही.

मॉली आणि गप्पी मीठ आनंदाने सोसतात. कोरी, लोच आणि बिनखवल्यांच्या इतर माशांना एक ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि त्यांच्याकडे बघत राहावं. जिवंत झाडं असलेल्या टाकीत मीठ घालू नये. मासेच वेगळ्या टबात काढून तिथे उपचार करावा.

०

क्लाउन लोच. नारिंगी अंग, तीन काळे पट्टे, आणि व्हाइट स्पॉट आला की सगळ्यांत आधी त्याच्यावर. टाकीत तो असेल तर रोज सकाळी पहिल्यांदा त्याच्याकडे बघावं.

०

ठिपके दिसायच्या आधी मासा सांगत असतो, ते बघायला हवं. पोहता पोहता अचानक कलंडतो, खडीवर किंवा हीटरच्या नळीवर बाजू घासतो, झटक्यात सरळ होतो आणि पुन्हा पोहू लागतो. परे मिटून ठेवतो. फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे येऊन उभा राहतो. खाणं टाकलं की येतो, तोंडात घेतो, थुंकतो.

कधी कधी रोग फक्त कल्ल्यांत असतो. अंगावर एकही ठिपका नाही, मासा पृष्ठभागाशी तोंड वासून श्वास घेतो आणि दोन दिवसांत जातो. अशा वेळी घरचे म्हणतात, काहीच झालं नव्हतं, अचानक गेला.

०

सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी हा जीव पाहावा. नुकत्याच मेलेल्या माशाच्या बाजूवरून कव्हर स्लिपच्या कडेने अलगद, डोक्याकडून शेपटीकडे चिकटा खरवडायचा, काचपट्टीवर टाकीतल्याच पाण्याचा एक थेंब घालून त्यात सोडायचा. शाळा-कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. शंभरपट मोठं करून पाहिलं की करड्या-तपकिरी रंगाचा गोळा दिसतो, जागच्या जागी संथ लोळत असलेला. कडेला तंतूंची थरथर चालू असते. थोडं थांबलं की तो वळतो आणि आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक स्पष्ट दिसतं. ते दिसलं की निदानाबद्दल शंका उरत नाही. मासा मरून काही तास झाले असतील तर मात्र जीव अंग सोडून गेलेला असतो आणि पट्टीवर काही सापडत नाही. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकासाठी याहून चांगला नमुना घरबसल्या मिळणार नाही.

०

निदान चुकलं तर उपचार उलटा बसतो. वसंतात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या पऱ्यांच्या कडेवर ओळीने पांढरे कण येतात. ती वयात आल्याची, विणीची खूण आहे. मासा खातो-पितो, मादीच्या मागे लागतो. त्याला औषध देऊ नये.

ठिपक्यांऐवजी सोनेरी-गंजकट धूळ अंगावर बसल्यासारखी दिसत असेल तर तो 'व्हेल्व्हेट', म्हणजे पिसिनूडिनियम. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारला की ही झळाळी लगेच कळते. या जिवात हरितद्रव्य असतं, म्हणून उपचाराच्या काळात टाकीचा दिवा बंद ठेवून वरून कापड टाकलं तर फायदा होतो. फायटर आणि त्याची पिल्लं यात फार जातात.

तोंडाशी किंवा पाठीवर कापसासारखा पांढरट थर असेल तर तो बहुधा कॉलमनॅरिस, जिवाणूंचा रोग. त्यात पाणी तापवलं तर मासा लवकर मरतो. म्हणून ठिपका की थर, हे हीटरला हात लावण्याआधी ठरवायचं.

०

दुकानातल्या औषधांत बहुतेक वेळा मॅलॅकाइट ग्रीन असतं, कधी त्याच्या जोडीला फॉर्मलिन. व्हाइट स्पॉटवर मॅलॅकाइट ग्रीन खरोखर चालतं, हे खरं आहे. पण ते विषारी आहे, कर्करोगाच्या संशयामुळे खाण्याच्या माशांवर ते वापरायला अनेक देशांत बंदी आहे. हातमोजे घालूनच बाटली उघडावी, लहान मुलांच्या हातात देऊ नये. बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल तर ती विकत घेऊ नये. सुट्ट्या बाटलीतलं हिरवं पाणी "दहा थेंब टाका" म्हणून दिलं जातं, तेव्हा दहा थेंबांत काय आणि किती हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. टेट्रा आणि लोच यांना छापील प्रमाणाच्या निम्मंच द्यावं.

फॉर्मलिन घरात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पाण्यातला प्राणवायू ओढतं, वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना बाधते, आणि थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला तर ते माशांना आणखी घातक होतं.

कुठलंही औषध घालण्याआधी फिल्टरमधला कार्बन काढायचा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. पुढचा डोस देण्याआधी तळ सायफनने ओढून पाव टाकी पाणी बदलायचं. खडीला चिकटलेली कवचं त्या गाळाबरोबर निघून जातात, आणि हा भाग औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. नवं पाणी क्लोरिन उडालेलं किंवा क्लोरिन काढणारं हायपो घातलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं हवं.

तांबं असलेल्या औषधाने गोगलगायी आणि कोळंबी मरतात. मऊ पाण्यात मासेही.

०

माणसांची प्रतिजैविकं, ती पिवळी कॅप्सूल फोडून टाकीत ओतणं, कृपा करून थांबवा. व्हाइट स्पॉट जिवाणूंचा रोग नाही, त्यामुळे त्या पावडरीचा परजीवीवर परिणाम शून्य. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मात्र धक्का बसू शकतो. मग अमोनिया चढतो आणि आजारी मासा त्यानेच मरतो.

०

गर्दी या रोगाला किती पोषक असते, हे टाकीबाहेरही दिसलेलं आहे. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका सरोवर आहे. १९८१ साली तिथे याच परजीवीच्या साथीत सुमारे १ कोटी ८० लाख मासे मेले, बहुतेक सगळे ओरेस्टियास जातीचे. सप्टेंबर २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीत सामन मासे समुद्रातून वर चढत होते. नदीला पाणी कमी होतं, ते तापलेलं होतं आणि मासे दाटीवाटीने थांबून राहिले. हा परजीवी आणि कॉलमनॅरिस या दोघांनी मिळून तीस हजारांहून जास्त मोठे सामन मारले.

तिथे नदी होती. आपण दोन फुटांच्या टाकीत पंचवीस मासे ठेवतो, आणि कवचातून निघालेल्या पिल्लाला मासा शोधायला दोन दिवस काय, दोन मिनिटंही लागत नाहीत.

०

आता दुकानांबद्दल. मासा चेन्नईतल्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत निघतो, मुंबईला कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारात उतरतो, तिथून पुण्या-नाशकाच्या दुकानात, तिथून आपल्या घरी. प्रत्येक टप्प्यावर पाणी बदलतं, तापमान बदलतं, एकाच जाळीने दहा टाक्यांतले मासे काढले जातात. एवढ्या प्रवासानंतर मासा निरोगी पोहोचणं हेच नवल. यात दुकानदाराला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही, त्याचेही मासे मरतात आणि त्याचंही नुकसान होतं. पण प्रत्येक टाकीला वेगळी जाळी ठेवणं त्याच्या हातात आहे, आणि आलेला माल चार दिवस थांबवून विकणंही.

विकत घेणाऱ्याच्या हातातली गोष्ट म्हणजे वेगळा टब. वीस लिटरचा, स्वच्छ, साबण न लागलेला प्लॅस्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, एक छोटा हीटर. नवा मासा तीन आठवडे तिथे. दुकानाच्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मासा जाळीने काढून घ्यायचा. त्या टबाची जाळी त्याच टबाची. जाळी कडक उन्हात पूर्ण वाळवली की हा जीव त्यावर जगत नाही.

दुकानात ज्या टाकीतला मासा घ्यायचा, तिच्यातले सगळे मासे बघावेत. एकाच्या अंगावर ठिपका असला तरी त्या टाकीतला एकही घेऊ नये, विकणारा कितीही सवलत देवो.

०

बाकीचे परजीवी, थोडक्यात. गोल्डफिशच्या अंगावर काडीसारखा धागा लोंबत असेल तर अँकर वर्म, म्हणजे लर्निया. नावात वर्म असला तरी तो कवचधारी, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला. चिमट्याने ओढताना डोकं आत तुटून राहतं, म्हणून कातडीजवळ धरून सावकाश काढावा. आरग्युलस हिरवट, चपटा, बटणासारखा, माशाच्या अंगावरून सरकताना दिसतो. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर कॅमॅलॅनस, त्यावर लेवामिसोल. कल्ल्यांतल्या फ्लूकवर प्राझिक्वांटेल. यातल्या कशावरही व्हाइट स्पॉटचं औषध चालत नाही.

समुद्री टाकीतला पांढरा ठिपका वेगळ्या जिवाचा, क्रिप्टोकॅरिऑनचा. त्याला इथलं मिठाचं गणित लागू नाही.

०

औषधही नको, मीठही नको असं असेल तर एक जुना मार्ग आहे. दोन टब घ्यायचे. मासा रोज एका टबातून दुसऱ्यात हलवायचा आणि रिकामा झालेला टब धुऊन, पुसून पूर्ण कोरडा करायचा. माशावरून उतरलेले जीव जुन्या टबात राहतात आणि पिल्लं तयार व्हायच्या आत नष्ट होतात. उबदार पाण्यात हा क्रम आठवडाभर नेमाने पाळला तर मासा साफ होतो. कष्ट आहेत, पण एखाद-दुसरा मासा असेल तर करून बघावा.

०

व्हाइट स्पॉटमधून वाचलेल्या माशाला पुन्हा हा रोग सहजी होत नाही. त्याच्या शरीरात या जिवाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती तंतूंना चिकटली की पिल्लाची हालचालच थांबते. यावरून लस करण्याचे प्रयत्न झाले. पण माशाशिवाय हा जीव प्रयोगशाळेत सतत वाढवता येत नाही, तिथे गाडं अडतं. म्हणून जुन्या, सोसलेल्या माशांच्या टाकीत नवा मासा सोडला आणि फक्त नव्यालाच ठिपके आले, तर आश्चर्य वाटून घेऊ नये. जुन्यांपैकी एखादा थोडासा रोग अंगावर बाळगून असू शकतो, किंवा नव्यानेच तो बरोबर आणलेला असतो. उपचार सगळ्या टाकीला करावा लागतो.

०

सगळे मासे गेले म्हणून टाकी भंगारात काढणारी, खडी उकळणारी, काचेला ब्लीच लावणारी माणसं मला भेटतात. मुलं रडलेली असतात, घरात पुन्हा मासे नकोत असं ठरलेलं असतं. त्यांना एवढंच सांगायचं आहे की हा परजीवी माशाशिवाय जगत नाही. टाकीत एकही मासा न ठेवता पाणी २७-२८ अंशांवर राहू द्या, फिल्टर चालू ठेवा, फिल्टरचे जिवाणू जगावेत म्हणून दोन दिवसांआड चिमूटभर खाणं टाका. दोन आठवड्यांनी निम्मं पाणी बदला. मग दोन-तीनच मासे आणा, आधी टबात ठेवून. टाकी फेकू नका.